सुट्या भागांची माउंटन बाइक: आधी माप, मग खरेदी

माउंटन बाइक स्वतः जोडायला घेतली की महाग भागांपेक्षा न बसणाऱ्या भागांत जास्त पैसे बुडतात. सेलमध्ये टेपर्ड फोर्क (वर बारीक, खाली जाड दांड्याचा) चांगल्या भावात मिळतो. तो घरी आल्यावर कळतं की फ्रेमच्या हेड ट्यूबचं (फोर्क ज्यात बसतो त्या पुढच्या नळीचं) भोक ३४ मिमीचं आहे आणि त्यात हा फोर्क कधीच जाणार नाही. दहा गिअरचा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर) आणि जुना नऊ गिअरचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) एकत्र येतात, आणि मग कितीही कान पिळले तरी गिअर जागेवर बसत नाहीत. म्हणून दीड-दोनशे मिमीचा डिजिटल व्हर्निअर ही या कामातली पहिली खरेदी. तो हातात आल्याशिवाय दुसरं काहीही घेऊ नका.

नाशिकच्या वाटांना काय लागतं

पांडवलेणीचा परिसर, चामर लेणीचा डोंगर, रामशेजचा पायथा, गंगापूर धरणाच्या काठच्या पायवाटा, अंजनेरीचा चढ. या सगळीकडे तीन गोष्टी भेटतात: बसाल्टचे सुटे धोंडे, त्यावर पसरलेला सैल मुरूम आणि बाभळीचे काटे. पावसाळ्यात चौथी गोष्ट येते, काळी माती. ती टायरला चिकटते, फ्रेम आणि टायरच्या मधल्या फटीत साचते आणि चाक जाम करते.

सायकल या चौघांना तोंड देणारी हवी. पुढे १०० ते १२० मिमीचा एअर फोर्क, मागे सस्पेन्शन नाही (म्हणजे हार्डटेल), २७.५ इंची चाकं, २.२५ इंची टायर, पुढे एकच चेनरिंग (पेडलपाशी असलेलं दातेरी चाक), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि जमलं तर ट्यूबलेस. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर २९ इंची चाकं घ्यायला हरकत नाही. या बजेटमध्ये मागे सस्पेन्शन असलेली फ्रेम मात्र घेऊच नका. तिच्या सांध्यांतली बेअरिंगं एक-दोन पावसाळ्यांत खुळखुळायला लागतात. मागचा शॉक बिघडला तर दुरुस्तीचा खर्च अख्ख्या फ्रेमच्या किमतीला जाऊन भिडतो.

दोन रस्ते, दोन हिशोब

पहिला रस्ता: जुनी फ्रेम आणि बाकी सगळं नवीन. प्रत्येक भागाला वरची मर्यादा घालून घ्या आणि ती ओलांडू नका. फ्रेम ६ हजार, एअर फोर्क ११, चाकांची जोडी ७, टायर आणि ट्यूबलेसचं सामान ५, ब्रेक आणि रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क) ६, शिफ्टर-डिरेलर-कॅसेट-चेन मिळून ८ (कॅसेट म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच), क्रँक-बीबी-चेनरिंग साडेतीन (क्रँक म्हणजे पेडलचा दांडा, बीबी म्हणजे तो ज्यावर फिरतो ते फ्रेमच्या तळातलं बेअरिंग), हँडल-स्टेम-सीटपोस्ट-सीट-ग्रिप-पेडल साडेतीन (स्टेम म्हणजे हँडल फोर्कला जोडणारा तुकडा), हेडसेट (फोर्क वळण्यासाठीची बेअरिंगं) आणि केबली दीड. बेरीज साडेएक्कावन्न हजार होते. एवढ्या पैशांत दुकानात तयार नवीन सायकलही मिळते. फरक इतकाच की तिच्यात फोर्क किंवा चाकं यांपैकी काहीतरी कमअस्सल असतं.

दुसरा रस्ता जास्त शहाणपणाचा आहे. चांगल्या फ्रेमची अख्खी जुनी हार्डटेल घ्यायची आणि तिचे कमजोर भाग बदलायचे. २०२०-२१ मध्ये हौसेनं घेतलेल्या आणि आता पार्किंगमध्ये धूळ खात असलेल्या सायकली शहरात कमी नाहीत. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी रेस अक्रॉस अमेरिका (अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत) पूर्ण केली. अशा या शहरात सायकलस्वारांचे गट भरपूर आहेत, आणि चांगली जुनी सायकल जाहिरातीआधी या गटांतूनच हाती लागते. पंधरा हजारांपर्यंत सायकल मिळाली तर फोर्क, गिअर, ब्रेक, टायर मिळून आणखी ३० हजार लागतात. मूळ सायकलला हायड्रॉलिक ब्रेक असतील तर सहा हजार तिथेच वाचले. शिवाय काढलेले भाग विकता येतात.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: आधी टायर आणि ब्रेक, मग गिअर, शेवटी फोर्क. फोर्क सगळ्यांत जास्त मोह घालतो. पण थांबता न येणाऱ्या सायकलला चांगला फोर्क लावला तर ती फक्त जास्त वेगानं उताराला लागते.

जुनी सायकल घेताना मूळ बिल मागा आणि बीबीखाली कोरलेल्या फ्रेम नंबरचा फोटो काढून घ्या. चोरीची सायकल स्वस्तातही महाग पडते.

फ्रेमची तपासणी

सायकल धुऊन, उजेडात उलटी करून बघा. भेगा तीन जागी पडतात: हेड ट्यूबखालचा वेल्ड, सीट ट्यूब आणि वरच्या नळीचा सांधा, आणि बीबीजवळ चेनस्टेची (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीची) सुरुवात. तिथून कापूस किंवा जुनी बनियन फिरवा. धागा अडकला तर तो रंगाचा ओरखडा आहे की भेग, हे नखानं चाचपून बघा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर भेग असेल तर सौदा तिथेच सोडा. वेल्ड करून मिळेल असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. ६०६१ ॲल्युमिनियमला वेल्डनंतर पुन्हा उष्णतेची प्रक्रिया द्यावी लागते. ती दिली नाही तर वेल्डच्या शेजारची नळी मऊ राहते आणि पुढची भेग तिथेच पडते.

सीटपोस्ट वर-खाली होतो का, ते स्वतः करून बघा. वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय बसलेला पोस्ट आत गंजून चिकटतो आणि तो काढताना फ्रेम जाऊ शकते. डिरेलर हँगर, म्हणजे मागच्या ड्रॉपआउटला (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला) लागलेला तो लहानसा तुकडा, सुटा निघणारा आहे का आणि त्याच नमुन्याचा दुसरा मिळतो का, हे घेण्याआधी शोधा. धोंड्यावर आपटल्यावर आधी हँगर वाकतो. तो वाकावा म्हणूनच मऊ ठेवलेला असतो. एक जादा घेऊन ठेवाच.

आता मापं. ही वहीत लिहा आणि प्रत्येक खरेदीच्या वेळी वही उघडा.

- हेड ट्यूबचं आतलं भोक, वरचं आणि खालचं. दोन्ही ३४ किंवा दोन्ही ४४ असतील तर सरळ, वर ४४ आणि खाली ५६ असेल तर टेपर्ड. ३४ मध्ये फक्त २८.६ मिमीच्या सरळ स्टीअररचा (फोर्कच्या वरच्या दांड्याचा) फोर्क जातो. दोन्ही ४४ असतील तर खालचा कप (हेडसेटच्या बेअरिंगची वाटी) बाहेर बसणारा घेऊन टेपर्ड फोर्कही लावता येतो.
- मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर. १३५ म्हणजे क्विक रिलीज (लहान दांडीनं आवळायचा बारीक एक्सल), १४२ किंवा १४८ म्हणजे १२ मिमीचा थ्रू एक्सल (आरपार जाणारा जाड एक्सल). ॲल्युमिनियमची फ्रेम ताणून १३५ चं १४२ करता येत नाही.
- बीबी शेलची रुंदी आणि आतले आटे. ६८ किंवा ७३ मिमी आणि आटे असतील तर उत्तम. आत आटे नसून गुळगुळीत भोक असेल तर तो प्रेसफिट आहे. त्याला वेगळा बीबी लागतो आणि बसवायला वेगळी हत्यारं.
- सीटपोस्टचा व्यास. २७.२, ३०.९ आणि ३१.६ हे नेहमीचे. ३०.९ चा पोस्ट ३१.६ च्या फ्रेममध्ये क्लॅम्प आवळून बसवू नका, नळी चिरते.
- मागच्या ब्रेकची जागा. बोल्टची भोकं आडवी आरपार असतील तर आयएस, कॅलिपर थेट वरून आवळायचा असेल तर पोस्ट माउंट. आयएसला ॲडॉप्टर लागतो.
- टायर आणि चेनस्टेमधली फट. दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी. याहून कमी असेल तर पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल खांद्यावर घेऊन यावी लागेल.

चाकं: फ्रीव्हील की फ्रीहब

स्वस्त सायकलच्या मागच्या चाकाला बहुधा आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं, म्हणजे दाते आणि मोकळं फिरण्याची यंत्रणा एकाच तुकड्यात. फ्रीहबमध्ये ती यंत्रणा हबवर असते आणि कॅसेट तिच्यावर चढते. ओळखायचं असं: चेन काढा, दात्यांच्या (मागच्या दातेरी चाकांच्या) मधोमध असलेल्या खाचांच्या गोलाकडे बघा आणि दाते उलटे फिरवा. तो गोल दात्यांबरोबर फिरला तर फ्रीहब आणि कॅसेट, स्थिर राहिला तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे एक्सलचं टोक आधाराशिवाय बाहेर राहतं. पायऱ्यांसारख्या दगडांवरून दोन-चारदा उतरलात की एक्सल तिथेच वाकतो. फ्रीहबमध्ये बेअरिंग फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाला असतं. या वाटांसाठी तोच हवा.

शिमानोच्या एचजी पद्धतीचा ८/९/१० गिअरचा फ्रीहब, ३२ भोकांची दुहेरी भिंतीची रिम, आत २३ ते २५ मिमी रुंदी, २ मिमीचे स्टेनलेस स्पोक आणि सहा बोल्टचा डिस्क हब, एवढं पाहा. रिमवर ट्यूबलेस रेडी लिहिलेलं असेल तर चांगलंच. बारा गिअरच्या मोहात पडू नका. शिमानोच्या डिओरे बारा गिअरला मायक्रोस्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब लागतो, आणि मग हबसकट सगळा हिशोब बदलतो.

तयार चाक घेतलंत तरी ते जसंच्या तसं लावू नका. समांतर स्पोकच्या जोड्या दोन्ही हातांत दाबत चाकभर फिरा. एखादी जोडी ढिली लागली तर आउट काढणाऱ्या जाणत्या कारागिराकडून सगळ्या स्पोकचा ताण सारखा करून घ्या. चाक सरळ फिरतं म्हणजे ताण सारखा आहे असं नसतं. ढिला स्पोक वाकून-सरळ होऊन तुटतो, आणि तोही बहुधा हबजवळच्या वळणावर.

हब छर्रे असलेला असेल तर उघडून नवीन ग्रीस भरा. मागे प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे, पुढे ३/१६ इंची १०. कोन (छर्रे दाबून धरणारा एक्सलवरचा नट) इतकाच आवळा की चाक सायकलला लावून क्विक रिलीज बंद केल्यावर डुगडुग बरोबर नाहीशी होईल. क्विक रिलीज एक्सलला किंचित दाबतो. म्हणून हातात असताना अगदी थोडी ढिलाई ठेवावी लागते.

गिअरचा संच

शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट एकाच घराण्याचे घ्या. केबल एका टिचकीला किती सरकते आणि त्यावर डिरेलर किती हलतो, हे प्रमाण प्रत्येक मालिकेत वेगळं असतं. मायक्रोशिफ्ट ॲडव्हेंट हा ९ गिअरचा संच ११-४२ कॅसेटसह एचजी फ्रीहबवर बसतो. शिमानो डिओरे एम ४१०० हा १० गिअरचा, ११-४६ पर्यंत जातो. त्याच्यासोबत क्लच असलेला एम ५१२० डिरेलर चालतो. डिरेलरला क्लच हवाच. तो चेन ताणून धरतो, नाहीतर एकेरी चेनरिंगवरून दगडांत चेन उडते.

पुढे ३२ दात्यांची, आलटून पालटून जाड-बारीक दाते असलेली चेनरिंग. मागे ४६ असेल तर प्रमाण ०.७० पडतं. २७.५ × २.२५ चाकाचा घेर सुमारे २.१८ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी साडेपाच किलोमीटर. अंजनेरीच्या चढाला हा वेग पुरतो आणि तोलही राहतो. मागे ४२ असेल तर पुढे ३० घ्या.

जुन्या सायकलचा क्रँक वापरायचा असेल तर तीन चेनरिंग बोल्टनं लागल्या आहेत की रिव्हेटनं, ते बघा. रिव्हेट असेल तर क्रँक बदलावा लागेल. बोल्ट आणि १०४ मिमीचं वर्तुळ असेल तर बाहेरची आणि आतली चेनरिंग काढा आणि मधल्या जागी नवी बसवा. त्याला एकेरी चेनरिंगचे आखूड बोल्ट लागतात. जुने लांब बोल्ट आवळल्यासारखे वाटतात, पण चेनरिंग डुगडुगत राहते.

हत्यारं

ऍलन की ४, ५, ६, ८ मिमी, टी-२५ टॉर्क्स, चेन तोडण्याचं हत्यार, कॅसेटचा सॉकेट, तुमच्या बीबीचा सॉकेट, केबल कटर, कानस, बारीक दात्यांचं हॅक्सॉ ब्लेड, ग्रीस आणि २ ते २० न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना. चार-पाच हजार यात जातात. कॅसेट आणि बीबीला ४० न्यूटन-मीटर लागतो. तेवढा अंदाज लांब पान्यानं येतो: २० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर.

जोडणी: हेडसेट आणि फोर्क

कप हातोडीनं ठोकू नका. तिरका गेलेला कप हेड ट्यूबचं तोंड लंबगोल करतो आणि मग कुठलाच हेडसेट तिथे शांत बसत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून एम-१२ चा आट्यांचा रॉड घ्या, ३०० मिमी तुकडा कापा, दोन नट, चार जाड वॉशर. कपाच्या बाहेरच्या कडेवरच दाब येईल अशा दोन नायलॉनच्या चकत्या हव्यात. सातपूर किंवा अंबडच्या लेथवाल्याला कप दाखवलात तर तो उरलेल्या तुकड्यांतून करून देईल. बेअरिंगवर दाब आला तर ते पहिल्या दिवशीच खरखरतं.

भोकाला आतून ग्रीसचा पातळ थर. एका वेळी एकच कप. दोन-दोन आटे फिरवून चारही बाजूंनी फट सारखी आहे का बघत जा. तिरका दिसला की लगेच उलट फिरवून काढा, पुढे दामटू नका. शेवटी कप आणि नळीत कागदही जाता कामा नये.

फोर्कच्या मुळाशी बसणारी रेस (खालचं बेअरिंग टेकतं ती कडी) चिरलेली असेल तर हातानं बसते. अखंड असेल तर स्टीअररवरून सैल जाईल असा पाइप घेऊन ठोका.

मग फोर्क घालून बेअरिंग, ३० मिमी स्पेसर आणि स्टेम चढवा. स्टेमच्या वर आणखी १० मिमी स्पेसर ठेवून सर्वांत वरच्या कडेला खूण करा. त्या खुणेच्या ३ मिमी खाली कापा. हा वरचा स्पेसर महत्त्वाचा आहे: महिनाभर चालवल्यावर हँडल वर हवं की खाली ते कळतं, आणि कापलेला स्टीअरर परत वाढत नाही. सरळ कापण्यासाठी दोन जुबिली क्लिप शेजारी-शेजारी आवळा आणि मधल्या फटीतून ब्लेड चालवा. कड कानसून घ्या. स्टार नट (वरच्या टोपीचा बोल्ट ज्यात जातो तो) सरळ, वरच्या कडेपासून १५ मिमी आत.

आवळताना क्रम चुकवू नका. आधी वरच्या टोपीचा बोल्ट, तोही फोर्क सहज वळेल आणि खडखड जाईल इतकाच. मग स्टेमचे बाजूचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटर. टोपीचं काम बेअरिंगची ढिलाई काढण्याचं आहे, स्टेम धरून ठेवण्याचं नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि बोट वरच्या कपावर ठेवा. टकटक जाणवली तर बाजूचे बोल्ट ढिले करून पुन्हा पहिल्यापासून.

बीबी आणि क्रँक

शेलमधला रंग आणि धातूचा चुरा ब्रशनं काढा, ग्रीस लावा. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवल्यावर आवळतात. डावीकडचे सरळ. पहिले तीन-चार आटे बोटांनीच गेले पाहिजेत. पान्यानं सुरुवात केली तर आटे कापले जातात, आणि या दुरुस्तीला शेलमध्ये नवे आटे पाडण्याशिवाय इलाज नाही. दोन्ही बाजू ३५ ते ५० न्यूटन-मीटर.

चौकोनी टोकाच्या क्रँकचा बोल्टही तितकाच. पहिल्या ५० किलोमीटरनंतर तो परत आवळा. डावा क्रँक सैल असताना चालवला की आतलं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग तो कितीही आवळा, सुटतोच. पोकळ एक्सलचा क्रँक असेल तर डावीकडची प्लास्टिकची टोपी बोटांनी आवळता येईल इतकीच, आणि दोन्ही बोल्ट थोडे-थोडे आलटून १२ ते १४. पेडलला ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे.

टायर आणि काटे

बाभळीच्या काट्याला ट्यूबलेस हाच खरा उतारा. रिम स्पिरिटनं पुसा, आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी रुंद टेप ताणून दोन फेरे द्या, व्हॉल्व्हचं भोक तापवलेल्या सुईनं पाडा. ब्लेडनं पाडलेल्या भोकाला चीर जाते आणि तिथून हवा गळते. व्हॉल्व्हचा गाभा काढून कॉम्प्रेसरनं एकदम हवा मारली की टायर टकाटक आवाज करत कडेला बसतो. मग २७.५ च्या टायरला ९० ते १०० मिली सीलंट. चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवा. सत्तर किलोच्या माणसाला पुढे २२-२४, मागे २५-२७ पीएसआय.

रिम ट्यूबलेस रेडी नसेल तर हट्ट करू नका. वळणावर टायर कडेवरून निसटतो. गाभा निघणारी ट्यूब घ्या, तिच्यात ८० ते १०० मिली सीलंट भरा आणि पुढे २८-३०, मागे ३२-३४ ठेवा. बारीक काटे यानेही पचतात.

ब्रेक

शिमानो एमटी २०० हा या बजेटमधला विश्वासाचा संच. तेल भरलेला येतो. घेताना विचारा: उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा आहे का? आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. परदेशी बाजारासाठीचा संच उलटा निघाला तर उजव्या लिव्हरला मागची लांब नळी येते. रोटर १६० मिमी मागे, १८० पुढे. फोर्क १८० ला चालतो का तेवढं पाहून घ्या. रोटरचे सहा बोल्ट तारेच्या आकारात, समोरासमोर आवळा, ४ न्यूटन-मीटर.

रोटर आणि पॅडला बोट लावायचं नाही. ग्रीस हातात घेतलेलं असताना चाक लावायचं नाही. चेनला स्प्रे मारताना रोटर झाकायचा. पॅडमध्ये तेल मुरलं की तो किंचाळतो आणि थांबवत नाही. जाळून-घासून तो पूर्ववत होईल या भरवशावर राहू नका, नवीन घ्या. आणि रोटरवर फक्त रेझिन पॅडसाठी असं लिहिलं असेल तर धातूचे पॅड लावू नका, रोटर झपाट्यानं झिजतो.

नळी लांब असेल तर कापताना लिव्हरच्या टोकाला कापा. लिव्हर वर, तोंड आडवं ठेवून. प्रत्येक कापणीला नवीन ऑलिव्ह (नळीवर दाबून बसणारी कडी) आणि नवीन इन्सर्ट (नळीच्या तोंडात जाणारा तुकडा). जुनी ऑलिव्ह पुन्हा वापरली तर तेल झिरपतं. चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येऊन अडकतात. तेल खनिज, शिमानोला डीओटी (मोटारीच्या ब्रेकचं तेल) चुकूनही नाही, त्यानं रबरी सील फुगतात.

कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले ठेवा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि तसेच आवळा, ६ ते ८ न्यूटन-मीटर. घासण्याचा आवाज राहिला तर पांढरा कागद मागे धरून फट बघा आणि हातानं सरकवा.

चेन आणि गिअर लावणं

आधी हँगर. तो वाकडा असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मागून पाहताना डिरेलरच्या दोन्ही चकत्या (चेन ज्यांवरून जाते ती लहान चाकं) कॅसेटच्या दात्यांशी समांतर दिसल्या पाहिजेत.

चेनची लांबी: डिरेलरमधून न घालता पुढची चेनरिंग आणि मागचा सर्वांत मोठा दाता (कॅसेटचं सर्वांत मोठं दातेरी चाक) यांवरून चेन गुंडाळा. जिथे जुळते तिथून दोन कड्या, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची, जादा ठेवून तोडा. चेन आखूड तोडली तर मोठ्या दात्यावर जाताना डिरेलर हँगरसकट उपटून निघतो.

गिअरची केबल गिअरच्याच आउटरमधून न्या. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते, ती दबते आणि गिअर जागेवर बसत नाही. कटरनं कापलेलं तोंड दाभणानं गोल करा, टोप्या लावा. हँडल पूर्ण वळवून बघा, केबल ताणली जाता कामा नये.

आता स्क्रू. केबल जोडण्याआधी चेन सर्वांत लहान दात्यावर ठेवा आणि एच स्क्रूनं वरची चकती त्याच्या बरोबर खाली आणा. मग डिरेलर हातानं ढकलून मोठ्या दात्यावर न्या आणि एल स्क्रूनं तिथेच अडवा. हा स्क्रू सैल राहिला तर चेन स्पोकमध्ये जाते. वरची चकती आणि मोठा दाता यांत ५ ते ६ मिमी अंतर बी स्क्रूनं ठेवा. फार जवळ असेल तर घासते, फार लांब असेल तर गिअर आळशी होतात.

केबल ताणून आवळा, ६ ते ७ न्यूटन-मीटर. मोठ्या दात्यावर चढायला चेन कुरकुरते असेल तर आउटरच्या टोकाचा गोल नट घड्याळाच्या विरुद्ध पाव फेरा फिरवा. लहान दात्यावर उतरायला वेळ लागतो असेल तर उलट. दोन्हीकडे कुरकुर असेल तर दोष ताणात नाही, तो वाकडा हँगर आहे किंवा केबलचं घर्षण.

फोर्कची हवा आणि पहिली फेरी

फोर्कच्या नळीवर झिप-टाय बांधा, सायकलवर चढून पेडलांवर उभं राहा आणि हळूच उतरा. १०० मिमीचा फोर्क २० ते २५ मिमी दबलेला हवा. कमी दबला तर हवा सोडा.

ब्रेकचे पॅड रोटरवर नीट बसवण्यासाठी सपाट रिकामा रस्ता निवडा. ताशी २० वरून चालण्याच्या वेगापर्यंत वीस वेळा हळू थांबा, मग ३० वरून दहा वेळा जोरात. चाक अडकू देऊ नका. आधी ब्रेक ढिसाळ वाटतील, पंधरा-वीस वेळांनंतर एकदम पकड येते.

पहिली खरी फेरी चामर लेणीच्या पायथ्याला किंवा गंगापूर धरणाच्या काठाला करा, घराच्या जवळ. अंजनेरीला गेलात तर वर जाणाऱ्या रस्त्यावरच राहा, पठारावर सायकल घालू नका. सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती तिथलीच आहे आणि टायरखाली येणारी माती तिची आहे.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्कनं तपासा: क्रँक, स्टेम, कॅलिपर, रोटर. हेडसेटची टकटक पुन्हा बघा, कारण कप थोडे बसतात. स्पोक पुन्हा जोड्या-जोड्यांनी दाबा. केबल ताणली गेली असेल, गोल नट पाव फेरा. सीलंट उन्हाळ्यात लवकर वाळतं. दर दोन महिन्यांनी चाक कानाशी हलवा, आत द्रवाचा आवाज आला नाही तर ५० मिली घाला.